डावा पाय आणि विजेची मोटर

फेब्रुवारी २०१६ मध्ये नवी मुंबई महापालिकेच्या परिवहन उपक्रमाच्या, म्हणजे एनएमएमटीच्या ताफ्यात पाच नव्या बस दाखल झाल्या. बंगळुरूजवळच्या होसकोटेच्या कारखान्यात बांधलेल्या व्होल्वो ८४०० हायब्रिड. देशातल्या एखाद्या शहराने घेतलेल्या व्होल्वोच्या या पहिल्या हायब्रिड बस. एकाच बसमध्ये डिझेल इंजिनही होतं आणि विजेची मोटरही. स्टॉपवर बस उभी राहिली की इंजिन आपोआप बंद व्हायचं. निघताना आधी मोटर ओढायची आणि वेग ताशी १५-२० किलोमीटरच्या आसपास गेला की इंजिन सुरू होऊन कामाला लागायचं.

या बसचा गियरबॉक्स मात्र जुन्याच घराण्यातला होता. बारा गियरची दातेरी चाकं, त्यांना जोडणारी-सोडवणारी क्लच प्लेट, म्हणजे एखाद्या मालट्रकमध्ये असावी तशीच मांडणी. गायब होतं ते फक्त क्लचचं पेडल. क्लच कधी दाबायचा आणि गियर कधी बदलायचा हे संगणक ठरवत होता. ड्रायव्हरच्या डाव्या पायाला काम उरलं नव्हतं.

त्याच सुमाराला नवी मुंबईच्या रस्त्यांवर दुसऱ्या प्रकारच्या हायब्रिडही फिरू लागल्या होत्या. मारुती सुझुकीची सियाझ आणि एर्टिगा. मागच्या बाजूला ‘एसएचव्हीएस’ अशी अक्षरं, आत पाच गियरचा साधा गियरबॉक्स आणि क्लचचं पेडल जागच्या जागी. म्हणजे सरकारदरबारी दोन्ही हायब्रिडच, पण एकीने डाव्या पायाला सुट्टी दिलेली आणि दुसरीने त्याला नेहमीसारखं कामाला लावलेलं.

हाताने गियर टाकायची गाडी हायब्रिड होऊ शकते का? होऊ शकते, आणि भारतात अशा गाड्या भरपूर विकल्याही गेल्या आहेत. पण मग जगातल्या ज्या हायब्रिड गाड्या खरोखर इंधन वाचवतात, त्यातल्या जवळपास सगळ्यांनी क्लचचं पेडल का काढून टाकलं? ते समजून घ्यायचं तर मोटर कुठे बसवतात इथपासून सुरुवात करावी लागते.

मोटरच्या पाच जागा

हायब्रिड गाडी तीन वाटांनी इंधन वाचवते. गाडी उभी असताना इंजिन बंद ठेवायचं, ही पहिली वाट. ब्रेक मारताना एरवी उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती विजेच्या रूपात बॅटरीत भरायची, ही दुसरी. आणि इंजिन ज्या वेगात आणि ज्या ओझ्याखाली सर्वांत कमी तेल पितं तेवढ्याच पट्ट्यात ते चालवायचं, बाकीचं मोटरने सांभाळायचं, ही तिसरी.

यासाठी मोटर बसवायला गाडीत पाच जागा आहेत. अभियंते त्यांना पी-झीरो ते पी-फोर म्हणतात. पहिली जागा इंजिनाच्या पट्ट्यावर, जिथे एरवी डायनामो असतो तिथे. दुसरी इंजिन आणि क्लच यांच्या मधे, थेट क्रँकशाफ्टवर. तिसरी क्लचच्या पलीकडे, गियरबॉक्सच्या तोंडाशी. चौथी गियरबॉक्समधून बाहेर पडून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर. पाचवी दुसऱ्याच ॲक्सलवर, म्हणजे इंजिन पुढची चाकं ओढत असेल तर मोटर मागच्या चाकांवर.

पहिल्या दोन जागा क्लचच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला येतात. तिथली मोटर फिरली की इंजिनही फिरतं, त्यामुळे इंजिन बंद ठेवून नुसत्या मोटरवर ऐटीत गाडी चालवणं जमत नाही. आणि क्लच दाबला की इंजिनाबरोबर मोटरचाही चाकांशी संबंध तुटतो. तिसऱ्या जागेपासून पुढे मोटर चाकांच्या बाजूला येते. ती एकटीने गाडी ओढू शकते आणि ब्रेक मारताना शक्तीही भरपूर परत घेऊ शकते. मात्र तिसऱ्या जागी इंजिन आणि मोटर यांना मिनिटातून अनेकदा जोडावं-तोडावं लागतं, तेही प्रवाशाला धक्का न लागता. एनएमएमटीच्या व्होल्वोमध्ये मोटर याच जागी, क्लच आणि गियरबॉक्स यांच्या मधे होती.

एका जोखडाखाली दोन बैल चालतात तेव्हा दोघांचे कासरे एकाच हातात असावे लागतात. मॅन्युअल हायब्रिडमध्ये मोटरचा कासरा संगणकाकडे असतो आणि इंजिनाचा ड्रायव्हरच्या डाव्या पायाकडे. पाय पुढच्या क्षणी काय करणार हे संगणकाला कळत नाही, आणि संगणकाच्या मनात काय आहे हे पायाला कळत नाही. म्हणून मॅन्युअल हायब्रिड बनवणारे बहुतेक कारखाने पहिल्या दोन जागांवरच थांबले. तिथली मोटर लहान असते, ती इंजिनाला हातभार लावते, आणि डाव्या पायाने काहीही केलं तरी फार बिघडत नाही.

जपानमधल्या दोन वाटा

हायब्रिड गाड्यांचा आधुनिक काळ डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटाच्या प्रियसने सुरू केला. प्रियसने क्लच आणि गियर दोन्ही मोडीत काढले. मधोमध एक दातेरी चाक, त्याभोवती फिरणारी लहान चाकं आणि बाहेरून कडं, अशा एका संचाला इंजिन आणि दोन मोटर जोडल्या. कोणाचा जोर किती घ्यायचा हे या मोटरचा वेग कमी-जास्त करून संगणक ठरवतो. या गाडीला मॅन्युअल गियरबॉक्स लावायला जागाच नाही, कारण तिच्यात बदलायला गियर नाहीत.

होंडाने दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, दुसरी वाट धरली. तिची दोन आसनी इनसाइट ही ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची, साडेआठशे किलोहून कमी वजनाची गाडी होती. एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, त्याला चिकटून जेमतेम सहा सेंटिमीटर जाडीची १० किलोवॅटची मोटर आणि पुढे पाच गियरचा साधा मॅन्युअल गियरबॉक्स. मोटर आपल्या यादीतल्या दुसऱ्या जागी. डॅशबोर्डवर एक दिवा होता, तो गियर वर घ्यायची वेळ झाली की लागायचा. संगणकाला योग्य क्षण ठाऊक होता, पण त्याच्या हातात विनंती करण्यापलीकडे काही नव्हतं.

अमेरिकी सरकारच्या तेव्हाच्या मोजणीत मॅन्युअल इनसाइटने लिटरला शहरात सुमारे २६ आणि हायवेवर जवळपास ३० किलोमीटर दिले. तिचीच सीव्हीटी, म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गियरबॉक्सची आवृत्ती दोन्हीकडे २४ च्या आसपास राहिली. त्या काळातला सीव्हीटी घर्षणात बरीच शक्ती खायचा. पहिल्या फेरीत मॅन्युअल जिंकला.

दहा वर्षांनी चित्र पालटलं. २०१० मध्ये होंडाने सीआर-झेड ही हायब्रिड आणली, तिला सहा गियरचा मॅन्युअल होता. तोवर मोजणीची पद्धत कडक झाली होती, त्यामुळे इनसाइटच्या आकड्यांशी तिची तुलना करता येत नाही, पण एकाच गाडीच्या दोन आवृत्त्यांची करता येते. मॅन्युअलला शहरात लिटरला साधारण १३ आणि हायवेवर पावणेसोळा किलोमीटर, तर सीव्हीटीला १५ आणि साडेसोळा. संगणक शहाणे झाले होते, सीव्हीटी सुधारला होता, डावा पाय मात्र होता तिथेच होता. २०१६ मध्ये सीआर-झेड बंद झाली.

सिग्नलवर उभी गाडी

आता आपल्या रस्त्यांवर येऊ. वाशीहून बेलापूरकडे जाणाऱ्या पाम बीच रस्त्यावर सानपाड्याच्या मोराज सर्कलला सिग्नल लाल झाला आहे. समोर एक एसएचव्हीएस गाडी उभी आहे. तिचं इंजिन बंद पडायला हवं, पण चालूच आहे. गाडीत बिघाड नाही. ड्रायव्हर क्लच दाबून, फर्स्ट टाकून उभा आहे, म्हणून ते चालू आहे.

या गाड्यांमध्ये इंजिन आपोआप बंद व्हायला गाडी थांबलेली, गियर न्यूट्रलमध्ये आणि क्लचवरून पाय काढलेला, अशा अटी असतात. पुन्हा क्लच दाबला की इंजिन सुरू होतं. हे सुरू होणंही एरवीच्या ‘सेल्फ’च्या खरखरीपेक्षा मऊ असतं, कारण पट्ट्यावरचं ते छोटं यंत्र सेल्फ आणि डायनामो या दोघांचं काम करतं. पण हिरवा होताच मागच्या रिक्षाचा हॉर्न वाजणार हे ठाऊक असलेला आपला ड्रायव्हर शेवटचे तीस सेकंद फर्स्ट टाकूनच असतो. हायब्रिडच्या पहिल्याच वाटेवर डाव्या पायाने दार लावून घेतलं.

दुसरी अडचण उकाड्याची. साध्या मॅन्युअल हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावरच फिरतो. इंजिन थांबलं की कॉम्प्रेसर थांबतो आणि वाऱ्यातला गारवा ओसरू लागतो. मे महिन्यातल्या नेरूळच्या दमट दुपारी आतला गारवा ठरावीक पातळीखाली गेला की सिग्नल लाल असतानाच इंजिन पुन्हा सुरू होतं. काही लोक कंटाळून डॅशबोर्डवरचं बटण दाबून ही सोयच बंद ठेवतात. मोठ्या मोटरच्या हायब्रिडमध्ये कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असूनही गाडी गार राहते.

ब्रेकमधली वीज

ब्रेक मारताना किती शक्ती वाया जाते याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्रात होतो. माणसांसकट बाराशे किलोची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने येते आहे. तिच्यातली गतिज ऊर्जा सुमारे १६७ किलोज्यूल. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, पण शहरात इंजिन त्यातला जेमतेम पाव भाग चाकांपर्यंत पोचवतं. म्हणजे साठच्या वेगावरून एकदा थांबलं की सुमारे २० मिलिलिटर पेट्रोलची किंमत मोजली. असे दहा थांबे म्हणजे २०० मिलिलिटर.

गाडी सहा सेकंदांत थांबली तर ब्रेकमधून सरासरी २८ किलोवॅट एवढी शक्ती बाहेर पडते. ती सगळी पकडायला तेवढ्या ताकदीची मोटर हवी. मारुतीच्या एसएचव्हीएस गाड्यांतलं पट्ट्यावरचं यंत्र दोन-तीन किलोवॅटचं असतं. ते सहा सेकंद पूर्ण जोरात चाललं तरी दहाव्या भागापलीकडे हाती लागत नाही.

शिवाय ते मिळायलाही क्लच सुटलेला हवा. आपल्याकडे पुष्कळांना ब्रेकबरोबर लगेच क्लचही दाबायची सवय असते. ड्रायव्हिंग स्कूलच्या पहिल्या आठवड्यात गाडी बंद पडू नये म्हणून शिकलेली ही गोष्ट जन्मभर सुटत नाही. क्लच दाबला की चाकं एकीकडे आणि डायनामो दुसरीकडे, मग वीज तयार होणार कशी? गियरमध्येच वेग कमी होऊ द्यायचा आणि गाडी थांबायच्या अगदी शेवटी क्लच दाबायचा, एवढी एक सवय लावली तरी मॅन्युअल हायब्रिड तिच्या परीने वीज साठवते.

बोरघाटाची गोष्ट तशीच. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना तेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे महाभाग अजून आहेत. आजच्या इंजिनांत गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा बंद होतो, चाकंच इंजिनाला फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला तेल प्यावंच लागतं. म्हणजे घाटात न्यूट्रल केलं की तेल जास्त जातं, बॅटरी भरत नाही आणि ब्रेक तापतात ते वेगळंच.

कर, सवलत आणि हायब्रिडची पाटी

भारतात पहिली हायब्रिड म्हणून होंडाची सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये आली, सीव्हीटी गियरबॉक्सची आणि साडेएकवीस लाखांची. एवढ्या पैशात लोकांनी दुसऱ्या गाड्या घेतल्या. २०१० मध्ये प्रियस आली, तीही मूठभरांपुरती राहिली. मग एप्रिल २०१५ मध्ये केंद्र सरकारने विजेवरच्या आणि हायब्रिड वाहनांसाठी ‘फेम’ योजना सुरू केली, आणि तिच्या नियमांत सौम्य हायब्रिडलाही, म्हणजे इंजिनाला नुसता हातभार लावणाऱ्या लहान मोटरच्या गाड्यांनाही, जागा मिळाली.

मारुतीने ही संधी बरोबर हेरली. १ सप्टेंबर २०१५ ला डिझेल सियाझ एसएचव्हीएस बाजारात आली. तेच १.३ लिटरचं डिझेल इंजिन, तोच पाच गियरचा मॅन्युअल, फक्त डायनामोच्या जागी नवं यंत्र आणि थोडी मोठी बॅटरी. कागदावरचं ॲव्हरेज लिटरला २६.२१ वरून २८.०९ किलोमीटरवर गेलं. गाडीमागे १३,००० रुपयांची सवलत मिळत होती. पाठोपाठ एर्टिगा आली. जुलै २०१६ मध्ये महिंद्राने स्कॉर्पिओ इंटेली-हायब्रिड आणली. नाशिकच्या कारखान्यातली ही अवजड गाडी, तिलाही मॅन्युअल गियरबॉक्स आणि इंधनात सात टक्के बचतीचा दावा.

विजेची गाडी म्हणून दिलेली सवलत डिझेल गाड्यांच्या खिशात जाते आहे, हे सरकारच्या लवकरच ध्यानात आलं. १ एप्रिल २०१७ पासून सौम्य डिझेल हायब्रिडना फेममधून वगळलं गेलं. तीन महिन्यांनी जीएसटी लागू झाला आणि हायब्रिडवर २८ टक्के कर अधिक १५ टक्के उपकर, म्हणजे एकूण ४३ टक्के बोजा पडला. सियाझ आणि एर्टिगाच्या एसएचव्हीएस आवृत्त्या लाखाहून अधिक रुपयांनी महागल्या.

तरीही मॅन्युअल हायब्रिड टिकली, कारण तिचं यंत्र स्वस्त होतं. डायनामो काढून तिथे थोडं तगडं यंत्र बसवायचं, गियरबॉक्सला हात लावायचा नाही, कारखान्याची रांग बदलायची नाही. मारुतीने पुढे पेट्रोल इंजिनांना हीच जोड दिली. ऑगस्ट २०१८ मधल्या पेट्रोल सियाझचं कागदावरचं ॲव्हरेज मॅन्युअलला २१.५६ होतं, तर चार गियरच्या ऑटोमॅटिकला २०.२८. ‘किती देते?’ हा प्रश्न विचारूनच गाडी घेणाऱ्या देशात हा सव्वा किलोमीटर महत्त्वाचा ठरतो.

पुण्याचं किट

या गोष्टीत पुण्याचाही एक अध्याय आहे. जून २०१० मध्ये पुण्यातल्या केपीआयटी कमिन्स या कंपनीने भारत फोर्जच्या साथीने ‘रिव्होलो’ जाहीर केलं. रवी पंडित तेव्हा केपीआयटीचे प्रमुख होते. कल्पना धाडसी होती. नवी हायब्रिड घ्यायची गरज नाही, लोकांच्या दारात उभ्या असलेल्या पेट्रोल-डिझेल गाड्यांनाच किट बसवून हायब्रिड करायचं. मोटर पट्ट्याने क्रँकशाफ्टच्या पुलीला जोडायची, बॅटरी डिकीत ठेवायची, रात्री घरच्या प्लगवर चार्ज करायची. इंधनात ४० टक्क्यांपर्यंत बचत होईल असा दावा होता.

त्या काळातल्या बहुतेक भारतीय गाड्या मॅन्युअल होत्या, म्हणजे रिव्होलो हा थेट मॅन्युअल हायब्रिडचाच प्रयोग होता. मोटर पहिल्या जागी, पण बॅटरी मोठी आणि बाहेरून भरता येणारी. एवढी ताकद पट्ट्यावरून द्यायची तर ड्रायव्हर गियर बदलतो त्या अर्ध्या सेकंदात मोटरने जोर आवरायला हवा, नाहीतर इंजिनाचे फेरे उसळतात. शेकडो मॉडेल, प्रत्येकाचे गियर वेगळे, प्रत्येकाची पुली वेगळी. आणि गाडीत असा बदल करायला मोटार वाहन नियमांत सोय नव्हती. जुन्या गाड्यांना हायब्रिड किट बसवण्याचे नियम केंद्राने २०१६ मध्ये केले. तोवर जगाचं लक्ष पूर्ण विजेच्या गाड्यांकडे वळलं होतं. रिव्होलो गल्लीतल्या गॅरेजपर्यंत पोचलं नाही. केपीआयटीने त्यातून मिळवलेलं ज्ञान पुढे विजेच्या बससाठी आणि गाड्यांच्या सॉफ्टवेअरसाठी वापरलं.

एकच गाडी, दोन हायब्रिड

सप्टेंबर २०२२ मध्ये आलेली मारुतीची ग्रँड व्हिटारा ही या विषयाची उत्तम प्रयोगशाळा आहे. एकाच गाडीत दोन्ही प्रकारच्या हायब्रिड मिळतात. पाच गियरच्या मॅन्युअलची सौम्य हायब्रिड कागदावर लिटरला २१.११ किलोमीटर देते. टोयोटाच्या तंत्राची, बिनक्लचची मोठी हायब्रिड २७.९७ देते. हा पावणेसात किलोमीटरचा फरक मोठ्या मोटरचा आहे, आणि मोठी मोटर सांभाळायला कासरा एका हातात द्यावा लागल्याचाही.

या आकड्यांत एक मेख आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थांमध्ये गाडी फिरत्या रोलरवर उभी करून ठरलेल्या वेगाच्या आलेखाप्रमाणे चालवतात. मॅन्युअल गाडीसाठी कोणत्या वेगाला कोणता गियर टाकायचा हेही त्या चाचणीत आधीच ठरलेलं असतं. म्हणजे प्रयोगशाळेतला डावा पाय शिस्तीचा असतो. रस्त्यावर तशी शिस्त आपल्याला जमली तरच मॅन्युअलचा कागदी आकडा जवळ येतो.

रस्ता कोणता यावरही बरंच अवलंबून आहे. महापे-शिळफाटा पट्ट्यात कंटेनरच्या मागे फर्स्ट-सेकंडमध्ये हाफ क्लचवर सरकत जायचं असेल, तर मॅन्युअल हायब्रिडची मोटर जवळपास निरुपयोगी ठरते. क्लच प्लेट घासत राहते, इंजिन सुरूच राहतं. त्याच ठिकाणी मोठी हायब्रिड इंजिन बंद ठेवून विजेवर मुंगीच्या पावलाने सरकते. पाम बीचवर सिग्नल लांब लांब आहेत, तिथे शहाणा ड्रायव्हर मॅन्युअलमधूनही बरंच वाचवतो. आणि अटल सेतूवर, जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या त्या २१.८ किलोमीटरच्या रस्त्यावर, एका लयीत गाडी पळत असताना ना थांबणं ना ब्रेक. तिथे दोन्ही हायब्रिडमधलं अंतर सर्वांत कमी होतं आणि पाचवा गियर आपलं काम चोख करतो.

मधली वाट

गियर हाताने टाकायची आवड आणि संगणकाचा क्लच, या दोन्हींची सांगड घालायचे प्रयत्न झाले आहेत. सुझुकीने जपानमध्ये २०१७ च्या स्विफ्ट हायब्रिडला साधाच गियरबॉक्स दिला, क्लच आणि गियर बदलायचं काम यंत्राला दिलं आणि मोटर चौथ्या जागी, गियरबॉक्सच्या पुढे बसवली. आपल्याकडे २०१४ पासून मारुतीच्या सेलेरिओत मिळणाऱ्या एएमटीचंच, म्हणजे यंत्राने गियर बदलणाऱ्या साध्या गियरबॉक्सचंच, हे भावंड. एएमटीत गियर बदलताना गाडी क्षणभर अडखळते, ही सगळ्यांची तक्रार. मोटर पुढे असल्याने ती नेमक्या त्या क्षणी चाकांना जोर देते आणि अडखळणं झाकलं जातं.

ह्युंदाई आणि किया यांनी युरोपात ४८ व्होल्टच्या सौम्य हायब्रिडबरोबर वेगळा प्रयोग केला. पेडल ठेवलं, पण ते क्लचला तारेने किंवा नळीने न जोडता विजेच्या संदेशाने जोडलं. ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर सोडला आणि गाडी लयीत घरंगळत असेल तर संगणक स्वतःच क्लच सोडवून इंजिन बंद करतो. गरज पडली की पुन्हा जोडतो. डावा पाय जागेवर राहिला, शेवटचा शब्द संगणकाचा झाला. भारतात याच तंत्राचं धाकटं रूप २०२० मध्ये ह्युंदाईच्या व्हेन्यूमध्ये आयएमटी या नावाने आलं. त्यात गियरचा दांडा होता, पेडल नव्हतं आणि हायब्रिडही नव्हतं.

दरम्यान एनएमएमटीच्या ताफ्यात पूर्ण विजेवरच्या बसही आल्या. त्यांना इंजिन नाही, त्यामुळे क्लचचा प्रश्नच निकालात निघाला. खासगी गाड्या त्याच दिशेने चालल्या आहेत, पण घराखाली चार्जर नसलेल्या सोसायट्यांमध्ये आणि दहा-बारा लाखांच्या आतबाहेर बजेट असलेल्या घरांमध्ये मॅन्युअल हायब्रिड अजून काही वर्षं विकली जाईल.

ती घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावी. मॅन्युअल सौम्य हायब्रिड ही मुळात चांगली मॅन्युअल गाडी असते, थोड्या शहाण्या डायनामोसह. साध्या पेट्रोल गाडीपेक्षा किंमत थोडीच जास्त असेल आणि प्रवास मुख्यतः हायवेचा असेल तर घ्यायला हरकत नाही. रोजचा रस्ता शिळफाटा किंवा शीव-पनवेलच्या कोंडीचा असेल, तर ‘हायब्रिड’ या पाटीसाठी जादा पैसे मोजू नयेत. एक तर बिनक्लचची मोठी हायब्रिड घ्यावी, नाहीतर साधी गाडी घेऊन उरलेले पैसे पेट्रोलला ठेवावेत. आणि मॅन्युअल हायब्रिड दारात आधीच उभी असेल, तर तीन सवयी लावून घ्याव्यात. सिग्नलवर न्यूट्रल करून क्लच सोडावा, ब्रेक मारताना क्लच शेवटी दाबावा, घाट गियरमध्ये उतरावा. या तिन्ही सवयींना एक पैसाही लागत नाही.